ओळख लावू नकोस, मावशी

एडिसन, न्यू जर्सी

ती. मावशीस,


तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा लांबलचक मेसेज दोनदा ऐकला. फोन केला असता तर तू मध्येच ‘बरं बरं, तुमचं तुम्ही बघा’ म्हणून विषय मिटवला असतास, म्हणून लिहायलाच बसले.

तू म्हणतेस, तुमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे एक मुलगी येते, सातवा महिना आहे, घरच्यांना बोभाटा नको आहे. बाळंत झाली की मूल ‘चांगल्या घरी’ द्यायचं आहे. आमचं घर चांगलं, मग दत्तकासाठी दिल्लीच्या रांगेत कशाला ताटकळायचं? दवाखान्याचा खर्च तेवढा बघायचा. आमच्यासाठी तुझा जीव तुटतो म्हणून बोललीस, ते कळतं मला. पण हे होणार नाही, आणि होऊ नये असंच मला वाटतं.

कायद्याचं आधी सांगून टाकते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, ठरलेला मार्ग सोडून असं मूल देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. पैशांच्या बदल्यात मूल घेतलं तर ती विक्री, तिथे पाच वर्षांपर्यंत. ‘दवाखान्याचा खर्च’ कुठल्या बाजूला जाईल हे तुझ्या डॉक्टरीणबाईंना चांगलं ठाऊक असणार. शिवाय दोन्ही देश हेगच्या १९९३ च्या करारात आहेत. मूल देणारे आणि घेणारे आधी परस्पर भेटून ठरवून बसले, तर त्या करारात ते बसत नाही. मूल हातात येईल आणि विमानात बसता येणार नाही.

पण समज, कायदा आड आला नसता. तरी मी नकोच म्हटलं असतं, ते त्या मुलीसाठी. रीतसर गेली तर तिला बाल कल्याण समितीसमोर कागद करावा लागतो आणि त्यानंतर विचार बदलायला ६० दिवस मिळतात. त्या दिवसांत ती येऊन म्हणू शकते, माझं मूल मला हवंय. आता आम्ही दवाखान्याचं बिल भरून, तिकीट काढून दाराशी उभे असलो, तर ती कुठल्या तोंडाने तसं म्हणेल? तिच्या घरचे तिला म्हणू देतील?

ते ६० दिवस गेले आणि मूल दत्तक द्यायला मोकळं ठरलं, की आणखी ६० दिवस त्याच्यासाठी भारतीय आईबाप शोधायचे असतात, देशात राहणारे किंवा परदेशात राहणारे भारतीय नागरिक. आम्ही त्यांत नाही, तुझ्या जावयांनी इथलं नागरिकत्व घेतलंय. घ्यावंच लागलं, कारण इथल्या अर्जासाठी दोघांपैकी एक तरी अमेरिकन नागरिक असावा लागतो. भारतातलं मूल घरी आणायचं म्हणून भारताचा पासपोर्ट रद्द करून घ्यायचा, हा विनोद आम्ही अजून नीट पचवलेला नाही. आमची वाट बघण्याची जी वर्षं तुला वाया गेलेली दिसतात, त्यातली बरीचशी अशी दुसऱ्या कुणाच्या तरी हक्काची आहेत.

तू म्हणालीस, पूर्वी होम केला, चार माणसं जेवू घातली की दत्तक झालं. झालं खरं, पण ते भावकीतलं मूल, वंशासाठी आणि वतनासाठी. आणि सरकारच्या मर्जीचं म्हणशील तर साताऱ्याच्या माणसाला मी काय सांगू? १८४८ साली महाराजांनी मरणशय्येवर घेतलेलं दत्तक डलहौसीने मानलं नाही आणि अख्खं राज्य खालसा केलं.

आत्ताची ही कटकट मात्र सरकारच्या हावेतून आलेली नाही. एकेकाळी परदेशी जोडपी १८९० च्या पालकत्व कायद्याखाली भारतातून मुलं घेऊन जात, पुढे त्या मुलांचं काय झालं हे विचारणारं कुणी नसे. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, तीच याचिका झाली आणि १९८४ मध्ये न्या. भगवतींनी नियम घालून दिले. ‘कारा’ ही दिल्लीची संस्था त्यातूनच १९९० मध्ये आली. दत्तक घेणाऱ्यांच्या आमच्या प्रशिक्षणात एक पन्नाशीची बाई बोलली. लहानपणी मुंबईहून युरोपात गेलेली. तिच्या कागदावर आईचं नाव नाही, गावाचं नाव नाही, वयापुढे ‘अंदाजे’. ती रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, डॉक्टर विचारतात घरात कुणाला मधुमेह होता का, आणि मी दरवेळी तो रकाना कोरा सोडते. तुझ्या डॉक्टरीणबाईंकडचं मूलही असाच कोरा रकाना घेऊन वाढेल.

असो. आमच्या बाजूला काय चाललंय ते ऐक, जरा हसशील. घर बघायला समाजसेविका आली. औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का, धुराचा भोंगा वाजतो का, नळाचं पाणी किती कढत येतं, सगळं बघितलं. घरात बंदूक आहे का, विचारलं. आम्ही दोघं इतक्या जोरात ‘नाही’ म्हणालो की तिला संशय यावा. मग तिला ओट्याखाली तू दिलेली विळी दिसली. हे काय? मी मांडी घालून बसले आणि कोथिंबीर चिरून दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली, आणि वहीत काहीतरी लिहिलं. विळी आता माळ्यावर आहे, खोक्यात, कुलपात.

दोघांनाही आत्मचरित्र लिहायला लावलं. लहानपणी मार खाल्ला का, कुणाचा, आता त्याबद्दल काय वाटतं. तुझ्या जावयांनी गणिताच्या मास्तरांवर दीड पान लिहिलं. अठराव्या वर्षानंतर जिथे जिथे राहिलो तिथले पोलिसांचे दाखले झाले. इथली मंजुरी १५ महिन्यांची, ती संपत आली की पुन्हा अर्ज, पुन्हा बोटांचे ठसे. बोटं बदलतात की काय कोण जाणे!

आता तुला न आवडणारी गोष्ट. आम्ही पाच वर्षांवरच्या मुलाला हो म्हटलंय. परदेशी पाठवताना मोठी मुलं, भावंडं आणि अपंग मुलं यांना प्राधान्य देता येतं, कारण देशात त्यांना मागणी कमी. तान्ह्यांसाठी रांगा लागतात. २०२४-२५ मध्ये काराकडून ४,५१५ मुलं दत्तक गेली, त्यातली ४,१५५ देशातच. छानच झालं ना! तू म्हणशील, लहान असलं की हवं तसं घडवता येतं. पण मला घडवायचं नाहीये. येणारं मूल ओडिया बोलेल, तेलुगू बोलेल, त्याला पुरणपोळी आवडणार नाही, संस्थेतल्या कुणा ताईच्या आठवणीने रात्री रडेल. तेव्हा ‘आता हीच तुझी आई’ असं त्याला कुणी सांगायचं नाही, तूसुद्धा नाही.

आणि पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घ्यावी लागते. कुणीतरी त्याला आमचे फोटो दाखवून विचारणार, यांच्याकडे जाशील? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मी चार जणांना नकार दिला होता, आता ट्रे घेऊन उभं राहायची पाळी माझी. फोटोंत तुझाही एक घातलाय, नऊवारीतला. मूल सुचवलं की आम्हाला ९६ तासांत कळवायचं असतं. त्या दिवसांत मी फोन उचलला नाही तर रुसू नकोस.

डॉक्टरीणबाईंना एवढंच सांग, त्या मुलीला साताऱ्याच्या बाल कल्याण समितीकडे पाठवा. तिथे तिचं नाव गुप्त राहतं. खासदारांच्या पीएलाही फोन करू नकोस. तिसऱ्या कुणाच्या तरी पुढे आम्हाला ढकलायचं, एवढंच त्याने होईल.

एक काम मात्र कर. आम्हा दोघांचं काही बरंवाईट झालं तर मूल कुणी सांभाळायचं, हे लिहून द्यावं लागतं. आम्ही ताई आणि भाऊजींचं नाव सुचवलंय. त्यांना नुसतं कळवू नकोस, नीट विचार. भाऊजी नाही म्हणाले तरी चालेल, फक्त महिनाअखेर कळू दे, म्हणजे दुसरं नाव घालता येईल. हो म्हणाले तर दोघांच्या पासपोर्टच्या प्रती पाठव, गेल्या वेळेसारखा तिरका फोटो नको.

गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझी,
भाची