गडावरची दुपार

मे महिन्यात हरिश्चंद्रगडावर निघालो म्हटलं की घरचे कपाळाला हात लावतात. पावसाळ्यात जा की, म्हणतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पाचनईच्या वाटेवर अर्धं पुणं आणि पाऊण मुंबई रांगेत उभी असते, म्हणून मी जात नाही. उन्हाळ्यात गड मोकळा असतो. फक्त त्याच्या वेळा आपण पाळायच्या, आणि त्यातली मुख्य म्हणजे अकरा ते चार काहीही करायचं नाही.

या खेपेला भाची आणि तिचे कॉलेजातले दोन मित्र होते. पाचनईचे मामा वाट दाखवायला. त्यांनी पहाटे अंधारातच उठवलं आणि आधी सगळ्यांच्या बाटल्या उचलून पाहिल्या. माणशी चार लिटर भरल्याशिवाय पाऊल उचलू देईनात. ‘वर टाकी हायेत ना?’ असं एकाने त्यांच्याच सुरात विचारलं. ‘हायेत. पण मे हाय,’ एवढंच उत्तर. टाक्यांतलं पाणी तळाला गेलेलं असतं. ते उकळून किंवा गाळून घ्यावं लागतं. मी एका बाटलीत साखर-मीठ घालून ठेवलं होतं : लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मुलांनी नाकं मुरडली.

कड्याच्या पोटातून, पुढे झुकलेल्या कातळाखालून जाणारी वाट सकाळी सावलीत होती. मंगळगंगेचं पात्र कोरडं, मधे मधे एखादा डोह. कुडा पांढऱ्या फुलांनी भरलेला. करवंदांच्या जाळीपाशी मामाच थांबले, पण हात घालण्याआधी काठीने जाळी हलवली. या कातळात फुरसं असतं. दगडाच्या रंगाचं, वीतभर, बघूनही दिसत नाही. त्यामुळे जिथे नजर पोचत नाही तिथे हात नाही आणि संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय पाऊल नाही. ऊन तापायच्या आत देवळापाशी पोचलो.

पुढचे पाच तास हे या सहलीतलं सर्वांत आवडतं काम, असं माझं मत आहे. तरुणांना ते पटत नाही. त्यांना लगेच तारामतीचं शिखर गाठायचं होतं. मी त्यांना केदारेश्वराच्या गुहेत नेलं. बाहेर कातळ पाय भाजत होता आणि आत पिंडीभोवतीचं पाणी इतकं गार, की उतरणाऱ्याच्या तोंडून आपोआप हूं निघतं. चारातला एकच खांब शाबूत आहे. ‘तो पडला की जग बुडणार’ ही ऐकीव गोष्ट मी सांगितली, तेव्हा भाचीने खांबाकडे इंजिनिअरच्या संशयाने पाहिलं.

मग लेण्याच्या सावलीत पिठलं-भाकरी, ताक, आणि आडवं होणं. चूल मांडू का, असं एका मित्राने विचारताच मामांनी वर कड्याकडे बोट केलं. आग्या मोहोळं लोंबत होती. त्यांना धूर खपत नाही, आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणे अत्तरही नाही. एकदा उठली की हात झाडत उभं राहायचं नसतं. तोंड झाकून लांब पळत सुटायचं. शिवाय गवत वाळून कोळ झालेलं. एक ठिणगी आणि वणवा.

दुसरा मित्र तेवढ्यात उन्हात फोटो काढून आला आणि डोकं धरून बसला. मळमळ, पोटरीत गोळा. त्याला सावलीत निजवलं, मानेवर-काखेत ओली फडकी ठेवली, आणि ते नाक मुरडलेलं पाणी घोट घोट पाजलं. घाम येत होता, बोलणं नीट होतं, म्हणून मी घाबरलो नाही. बोलणं बरळल्यासारखं झालं असतं तर माणूस गार करत करतच दवाखान्याची वाट धरावी लागली असती. तासाभरात त्याने भाकरी मागितली.

चारनंतर कोकणकडा. खालून येणारा गरम वारा इतका जोरात, की भाचीने टाकलेलं वाळकं पान परत वर आलं. कडा आत वळलेला आहे, त्यामुळे काठावर उभं राहून काही दिसत नाही. पोटावर झोपून डोकं तेवढं पुढे काढायचं, मागच्याने पाय धरायचे. सगळे सूर्यास्ताची वाट बघत पश्चिमेकडे तोंड करून बसले होते. मामा एकटेच पाठमोरे, देशाकडे बघत. वळवाचा ढग बहुतेकदा त्या अंगाने चढतो, आणि कड्यावर बसलेल्यांची नेमकी तिकडे पाठ असते.

‘उठा आता,’ ते म्हणाले. आकाशाचा पश्चिमेकडचा भाग लख्ख होता. भाची म्हणाली, ‘मामा, अर्धाच तास राहिलाय!’ मागे वीज चमकली. मी आकडे मोजले. पंधराच्या आसपास गडगडलं. आवाज किलोमीटरला तीन सेकंद घेतो, म्हणजे पाच किलोमीटर. उघड्या पठारावर आम्हीच सर्वांत उंच होतो. आणखी एक घोळका काठावर स्पीकर लावून बसला होता. मामा त्यांच्याकडे जाऊन असे ओरडले की स्पीकर आपोआप बंद झाला.

लेण्यात तोंडापाशी न बसता आत, भिंतीला न टेकता बसलो. गारांसकट पाऊस आला. तो थांबल्यावर मुलं लगेच उठली, पण शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मामांनी कुणाला हलू दिलं नाही. सूर्यास्त हुकला तो हुकलाच. भाचीने त्याबद्दल रात्रभर माझ्याशी भांडण केलं, आणि डिसेंबरात पुन्हा यायचं कबूल करून घेतलं. मामांनी तेवढ्यात तिचा फोन नंबर घेतला, कारण डिसेंबरात म्हणे मुक्कामाची घरं आधी सांगून ठेवावी लागतात.