सामरीचे सोयरे

माणसाला एखादे व्यसन असावे, पण ते चारचौघांत सांगण्याजोगे असावे. दुपारच्या चहाला आमच्या महाविद्यालयातली मंडळी एकत्र बसली, की ज्याचे त्याचे व्यसन हळूच बाहेर पडते. इतिहासाचे सहकारी जुनी नाणी जमवतात. संस्कृतच्या बाई सवाई गंधर्व महोत्सवाचा एकही दिवस चुकवीत नाहीत. गणिताच्या गृहस्थांनी हरिश्चंद्रगड अकरा वेळा चढला आहे. माझी पाळी आली, की मी चहाचा कप तोंडाला लावतो आणि तो लवकर खाली ठेवीत नाही. कारण मला रामसे बंधूंचे भूतपट पाहण्याचे व्यसन आहे. मर्ढेकरांवर व्याख्याने देणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा 'पुराना मंदिर' आणि एकदा 'वीराना' पाहावा, ही गोष्ट त्या चहात विरघळणारी नव्हे!

ज्यांच्या घरी अशा चित्रपटांचे नावही निघत नसे, अशा भाग्यवान वाचकांसाठी थोडे सांगतो. फतेहचंद रामसिंघानी ऊर्फ एफ. यू. रामसे हे मूळचे कराचीचे. फाळणीनंतर ते मुंबईला आले. त्यांना सात मुलगे : कुमार, तुलसी, श्याम, केशू, किरण, गंगू आणि अर्जुन. कुमारने लिहायचे, तुलसी आणि श्यामने दिग्दर्शन करायचे, गंगूने कॅमेरा धरायचा, किरणने आवाज सांभाळायचा, अर्जुनने कात्री चालवायची, अशी साधारण घरातली वाटणी. ही मुले सिनेमा शिकली ती काश्मिरात एका हाउसबोटीत मुक्काम ठोकून, छायाचित्रणावरचे एक इंग्रजी पुस्तक वाचून, असे ते बंधू सांगत. 'दो गज जमीन के नीचे' हा त्यांचा 1972 सालचा भूतपट महाबळेश्वरी घेतला. सगळे कुटुंब नटनट्यांसह तिथे गेले आणि घरच्या बायकांनीच साऱ्यांचा स्वयंपाक केला. मला तर तो चित्रपट पाहताना भुतापेक्षा त्या पंगतीच अधिक दिसतात!

माझे व्यसन मात्र माझे एकट्याचे नव्हे. ते मला दादाने लावले.

आम्ही साताऱ्याचे. शनिवार पेठेत आमचा लहानसा वाडा. 1990 सालच्या गणेशोत्सवात गल्लीत भाड्याने व्हीसीआर आणला होता. मी दहा वर्षांचा, दादा सोळा वर्षांचा. पहिल्या रात्री 'जय संतोषी माँ' झाला आणि म्हातारी माणसे झोपायला गेल्यावर मंडळाच्या पोरांनी 'पुराना मंदिर' लावला. पडद्यावर सामरी आला आणि मी दादाच्या पाठीमागे तोंड लपवले. तो म्हणाला, "भ्यायचं नाही रे. त्याच्या तोंडाकडं बघू नको. तो कोण, कुठला, काय शिकलाय ते विचार."

"काय शिकलाय?" मी पाठीमागूनच विचारले.

"इंजिनियर आहे तो. रुरकीचा."

ही थाप आहे असे मला कित्येक वर्षे वाटत होते. पण ती गोष्ट अक्षरशः खरी निघाली. चित्रपटाच्या पाट्यांवर अजय अगरवाल या नावाने झळकणारा हा उंचापुरा नट म्हणजे अनिरुद्ध अगरवाल, रुरकीहून स्थापत्याची पदवी घेतलेला इंजिनियर. इंजिनियर म्हटल्याबरोबर माझी भीती निम्मी झाली. आमच्या वाड्यासमोरच पाटबंधारे खात्यातले एक इंजिनियर राहत आणि ते रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन येत.

त्या रात्रीपासून आम्ही एक दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. किशोरकुमारचे गाणे कोणत्या रामसेपटात? 'और कौन?', 1979. 'पुराना मंदिर'मध्ये अहमदनगरचा कोणता नट आहे? सदाशिव अमरापूरकर. 'वीराना'मध्ये सतीश शाहच्या पात्राचे नाव काय? हिचकॉक! 1993 साली 'झी हॉरर शो' सुरू झाल्यावर वहीची पाने भराभर भरली. पुढे मी पुण्याला आलो, एम. ए. झालो, नोकरीला लागलो. दादा साताऱ्यातच राहिला, त्याने विजेच्या सामानाचे दुकान काढले. पण आठवड्यातून एकदा त्याचा फोन येई. हॅलो नाही, बरा आहेस का नाही. थेट प्रश्न. "'बँडिट क्वीन'मधला बाबू गुज्जर कोण?" "आपला सामरी." फोन बंद.

या पंथातल्या लोकांत तट फार. 'पुराना मंदिर' श्रेष्ठ की 'वीराना', यावर माणसे हमरीतुमरीवर येतात. 1985 साली आलेला त्रिमिती 'सामरी' हा 'पुराना मंदिर'चा पुढचा भाग मानावा की नाही, यावर मी एका लग्नाच्या पंक्तीत वाद ऐकला आहे. वाढपी जिलबी घेऊन थांबला होता, तिकडे कुणाचे लक्ष नव्हते. 'महाकाल' ज्या अमेरिकन चित्रपटावरून उचलला, त्याच्यापेक्षा तो बरा म्हणणारेही भेटतात. पण खरा तट एकच आहे : घाबरणारे आणि हसणारे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांच्या चित्रपट मंडळाने 'वीराना' दाखवला. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. मुले पहिल्यापासून हसत होती. मुखवट्याला हसली, धुराला हसली, किंचाळीला तर टाळ्या पडल्या. मला राग आला. शेवटी मी उठून विचारले, "भीती कुणालाच वाटली नाही?" एक मुलगी म्हणाली, "कशाची वाटणार, सर? त्या हवेलीत एवढा अंधार आहे, तर दिवा का लावत नाहीत ते?"

घरी येताना मी तिच्या बोलण्याचा विचार करीत होतो. तिचे बरोबरच होते. ती फ्लॅटमध्ये जन्मली. तिच्या घरात दाराशी बटण आहे आणि कोणत्याही खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला सहा पावले पुरतात. आमच्या वाड्यात संडास परसात होता. रात्री जायचे तर माजघर, मग काळोखा बोळ, मग विहीर, मग शेवग्याचे झाड. करकरणारे दार कसे उघडते हे आम्हांला किरण रामसेने शिकवायची गरज नव्हती. त्याने फक्त आमचेच दार आम्हांला ऐकवले. ते चित्रपट भयंकर नव्हतेच, आमची घरे तशी होती. आणि त्या बोळातून जाताना सोबत येणारा दादा होता, म्हणून ती भीती हवीहवीशी वाटे.

हे मला त्या दिवशी सुचले खरे, पण ते दादाला सांगायची सोय उरली नव्हती.

2019 साली वडील गेले. वर्षभराने वाड्याचा प्रश्न निघाला. एक बिल्डर मागे लागला होता. मला पुण्यात घराचे हप्ते होते. वाडा द्यावा असे माझे मत. दादाचे मत नाही. बोलणे वाढत गेले आणि मी म्हणालो, "या पडक्या भुताच्या वाड्यात आता राहायचंय कुणाला?"

दादा काही बोलला नाही. वहिनींनी चहाचे कप उचलले. मी संध्याकाळच्या गाडीने परतलो. त्यानंतर प्रश्नाचा फोन आला नाही, आणि मीही केला नाही. 'पुराना मंदिर'मध्ये सामरीचे शिर एकीकडे आणि धड दुसरीकडे ठेवतात. आमच्या घराचे तसे झाले. धड साताऱ्याला, शिर पुण्याला. त्या काळात मी रामसेपट एकदाच लावला आणि अर्ध्यावर बंद केला. सात भाऊ एका कॅमेऱ्यामागे उभे राहतात आणि आम्हां दोघांना चार खोल्या पुरत नाहीत, हे काही बसून पाहण्यासारखे नव्हते. पुढे त्या सातांचीही पांगापांग झाली. केशूने वेगळे होऊन अक्षयकुमारला घेऊन चित्रपट काढले. पण ते आठवून समाधान वाटेना.

तुलसी रामसे 2018 साली गेले, श्याम 2019 साली. 2024च्या एप्रिलमध्ये गंगू गेल्याची बातमी वाचली, तेव्हा फोन हातात घेतला होता. दादाचे नाव काढले आणि पुन्हा ठेवून दिला.

त्याच वर्षी श्रावणात एका रात्री साडेदहाला फोन वाजला. चार वर्षांनी ते नाव पडद्यावर उमटत होते. माझ्या पोटात धस्स झाले. रात्रीचा साताऱ्याचा फोन म्हणजे काय असायचे!

"प्रश्न आहे," दादा म्हणाला. "तुझं ते 'रणांगण', त्याचा आणि सामरीचा संबंध काय?"

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही 1939 सालची कादंबरी मी किती वर्षे शिकवतो आहे, ते मलाच मोजावे लागेल. चक्रधर आणि हर्टा यांच्या बोटीवरच्या त्या दिवसांवर माझ्या टिपणांची जाडजूड फाइल आहे. पण सामरी? मी पुष्कळ डोके खाजवले आणि हरलो म्हणालो.

"अरे, प्रोफेसर ना तू? एफ. यू. रामसेनी 'रुस्तम सोहराब' काढला, 1963 साली. सुरैयाचा शेवटचा चित्रपट. दिग्दर्शक विश्राम बेडेकर. मग 1970 साली 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' काढला. दिग्दर्शक पुन्हा बेडेकर. तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भुतासारखा मुखवटा घालून चोरीला येतो, तेवढ्या एका प्रवेशाला लोक घाबरले. तुलसी आणि श्यामनी ते थेटरात बसून बघितलं, बापाला सांगितलं, आणि मग 'दो गज' झाला. म्हणजे तुझे बेडेकर नसते, तर माझा सामरी नसता."

मी गप्पच झालो. आयुष्यभर मी या दोन गोष्टी दोन कपाटांत ठेवल्या होत्या. एक कपाट काचेचे, दिवाणखान्यातले. दुसरे माळ्यावरचे, कुलूप लावलेले. आणि ज्याने 'रणांगण'चे पानही उघडले नसेल, अशा माझ्या भावाने दोन्हींच्या मधली भिंत पाडली होती. अशी माहिती जगात कशाच्या उपयोगाची, असे मला पुष्कळदा विचारतात. ती कुणासाठी तरी शोधता येते, एवढाच तिचा उपयोग. दुकान बंद करून रात्री दादा बेडेकरांचे नाव धुंडाळीत बसला होता, तो काही सामरीसाठी नव्हे.

"बरोबर आहे ना रे?" त्याने विचारले. आवाज जरा उतरला होता. "म्हणजे, तेच ना ते बेडेकर?"

"तेच," मी म्हणालो.

"मग वहीत लिहू?"

"नको," मी म्हणालो, "मी आल्यावर लिहू."

त्या दिवाळीला आम्ही सगळे साताऱ्याला गेलो. वाड्याचा प्रश्न सुटला असे मी सांगणार नाही. तो तसाच आहे. आमची मते जिथली तिथे आहेत, बिल्डरचा फोन अजून येतो. पण त्या रात्री फराळ झाल्यावर आम्ही वही काढली आणि डाव्या पानावर माझ्या अक्षरात प्रश्न लिहिला, उजव्या पानावर त्याच्या अक्षरात उत्तर. मध्यरात्री मला परसात जावे लागले. दादाने आता बोळात लख्ख दिवा लावला आहे. दुकानच त्याचे विजेचे. तरी माजघराच्या दारातून हाक आली, "सोबत येऊ का रे?"

"नको," मी म्हणालो.

परत आलो तेव्हा तो दारातच उभा होता.