मर्यादित जबाबदारी

इंग्रजी कंपन्यांच्या नावाशेवटी येणाऱ्या 'लिमिटेड' या शब्दाची फोड करून सांगण्याचा प्रसंग वाङ्मयाच्या अध्यापकावर सहसा येत नाही. आमच्यावरही तो तीस वर्षांत आला नाही. परंतु अलीकडे या शब्दाने आमच्या मनात बिऱ्हाड थाटले आहे. 1855 साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने कायदा करून असा मार्ग मोकळा केला की, कंपनी बुडाली तरी भागधारकाने आपल्या भागाच्या रकमेपलीकडे काही देणे लागू नये. तत्पूर्वी दिवाळे वाजले की भागीदाराच्या घरच्या भांड्याकुंड्यांवरही सावकाराचा हात पडू शके. हे संरक्षण नसते, तर शाळामास्तरांनी, पोस्टातल्या कारकुनांनी किंवा पतिनिधनानंतर चार पैसे राखून असलेल्या स्त्रियांनी आपली पुंजी आगगाड्यांत, खाणींत आणि तेलाच्या विहिरींत घालण्याचे धाडस कधीच केले नसते. तेव्हा ही मर्यादा सामान्य माणसाच्या हिताचीच होती, हे प्रथम कबूल केले पाहिजे. पण सावकाराच्या देण्याला घातलेले हे कुंपण बाकीच्या साऱ्या देण्यांनाही आपोआप लागू पडते काय?

हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो शेल कंपनीच्या निमित्ताने. ही कंपनी आपल्याकडे काही परकी नव्हे. लंडनमध्ये शंखशिंपल्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातील मार्कस सॅम्युएल याने ती 1897 साली काढली, 1907 साली रॉयल डच या कंपनीशी तिचा संसार जुळला, आणि 1928 पासून 1976 साली राष्ट्रीयीकरण होईपर्यंत 'बर्मा-शेल' या नावाने तिने हिंदुस्थानात तेल विकले. आमच्या वडिलांचा अभ्यास रॉकेलच्या कंदिलाखालीच झाला. तेव्हा तेलाच्या व्यापाऱ्यासंबंधी बोलताना सोवळे नेसण्याचा अधिकार आम्हांस नाही.

2024 च्या हिवाळ्यात लंडनजवळच्या एका गावी कन्येच्या घरी आमचा मुक्काम होता. तेथील सार्वजनिक ग्रंथालयात दर गुरुवारी काही पेन्शनर मंडळी आपल्या लहानसहान गुंतवणुकीचा खल करण्यास जमत. शेजारधर्म म्हणून त्यांनी आम्हांसही बोलावले. योगायोग असा की, त्याच आठवड्यात, 12 नोव्हेंबर रोजी, हेगच्या अपील कोर्टाने शेलच्या बाजूने निवाडा दिला होता, आणि जमलेल्या आठ जणांपैकी सहा जणांजवळ शेलचे भाग होते.

हा खटला मूळचा मिल्यूडेफेन्सी या डच पर्यावरण संस्थेचा. तिच्यामागे 17,000 हून अधिक नागरिक सहवादी म्हणून उभे होते. 26 मे 2021 रोजी खालच्या कोर्टाने शेलला हुकूम केला की, 2030 पर्यंत आपला कर्बवायूचा बोजा 2019 च्या मानाने 45 टक्क्यांनी उतरवा. आणि या बोज्यात गिऱ्हाइकांच्या मोटारींतून व चुलींतून निघणारा धूरही धरला होता. एका खासगी कंपनीवर असा हुकूम जगात पूर्वी झालेला नव्हता. त्याच सालच्या नोव्हेंबरात कंपनीने आपली गादी हेगहून लंडनला हलविण्याचा बेत जाहीर केला आणि पुढे नावातले 'रॉयल डच' हे शब्दही गाळले. कारणे तिने निराळी सांगितली. खटला मात्र हेगलाच राहिला.

मंडळातील एका निवृत्त रेल्वे इंजिनियराचे म्हणणे असे की, आता निकाल लागला, भीती संपली, भाव चढणार. दुसऱ्या एका गृहस्थांनी आपले भाग 2021 च्या निकालाच्या धसक्याने विकून टाकले होते, आणि 2022 साली कंपनीस सुमारे 40 अब्ज डॉलर नफा झालेला पाहून ते अद्याप हळहळत होते. शहाणे बाजारवाले 'शेल कधी विकू नये' असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, त्यांचे ऐकले नाही, हे त्यांचे दुःख. त्यावर एक निवृत्त शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, "हेच वाक्य माझे यजमानही म्हणत. मग 2020 साली डिव्हिडंड 47 सेंटांवरून 16 वर आला." दुसऱ्या महायुद्धानंतर शेलने डिव्हिडंड कापण्याची ती पहिलीच वेळ होती. तो कापला कोर्टाने नव्हे, रोगाच्या साथीने. परंतु बाईंचा घरखर्च त्या रकमेवर बेतलेला होता, आणि कारणाने भाकरी मिळत नाही.

अशा संभाषणाला लोभ म्हणून नावे ठेवणे सोपे आहे. आम्ही ठेवणार नाही. ज्याच्या म्हातारपणाचा आधार चारशे भाग आहे, त्याने भाव विचारू नये तर काय विचारावे? मात्र एका गोष्टीचे नवल वाटले. निकालाचा शेवट साऱ्यांनी वाचला होता, मधले कोणी वाचले नव्हते. अपील कोर्टाने 45 टक्क्यांचा आकडा रद्द केला तो अशासाठी की, एकाच कंपनीला नेमका कोणता आकडा लागू करावा हे शास्त्रावरून ठरत नाही. कोळसा जाळणाऱ्या कारखान्याला शेलने गॅस पुरविला तर शेलचा बोजा वाढतो आणि जगाचा घटतो. शिवाय शेलने विक्री आटोपती घेतली तर तेच तेल दुसरा विकील. परंतु त्याच निवाड्यात असेही स्पष्ट म्हटले आहे की, हवामानाच्या संकटापासून रक्षण हा मानवी हक्क आहे, आणि आपला बोजा कमी करण्याचे कर्तव्य शेलसारख्या कंपनीवर आहेच. नव्या तेलक्षेत्रांत पैसा घालणे या कर्तव्याशी विसंगत ठरू शकेल. म्हणजे देणे आहे असे ठरले, किती ते ठरले नाही. असल्या निकालाने भीती संपते असे मानणारा गुंतवणूकदार आमच्या मते जरा उतावीळच म्हटला पाहिजे. फिर्यादी संस्था 2025 च्या फेब्रुवारीत हे प्रकरण डच सुप्रीम कोर्टात घेऊन गेली.

'मी विकले नाही तर दुसरा विकील' हा युक्तिवाद आम्हांस ओळखीचा वाटला. आपल्याकडे गुत्तेवालाही हेच सांगतो. तो खोटे बोलतो असे नव्हे. त्याचे बोलणे बहुधा खरेच असते, आणि म्हणूनच ते इतके सोयीचे असते.

मग लहान भागधारकाच्या हाती काय आहे? इंजिनियरसाहेब म्हणाले, "काही नाही." त्यांच्या बाजूने पुरावाही होता: क्लायंटअर्थ नावाच्या संस्थेने अवघे 27 भाग घेऊन कंपनीच्या संचालकांवरच फिर्याद गुदरली, ती लंडनच्या हायकोर्टाने 2023 साली पुढे चालू दिली नाही, भविष्याचा तोल सांभाळणे हे संचालकांचे काम, कोर्टाचे नव्हे, असा त्याचा रोख होता. उलट बाजूला 'फॉलो धिस' ही डच भागधारकांची संघटना. पॅरिस कराराला धरून लक्ष्ये ठेवावीत या तिच्या ठरावाला 2021 च्या सभेत सुमारे 30 टक्के मते पडली. 2023 साली ती सुमारे 20 वर उतरली. मधल्या काळात तेल महागले होते, हे वेगळे सांगावयास नकोच.

शिक्षिकाबाईंना आम्ही विचारले, तुम्ही मत कोणत्या बाजूला दिले? त्या थोड्या गोंधळल्या. यजमानांच्या नावचे भाग आपल्या नावावर झाल्यापासून दर वसंतात कंपनीकडून मतपत्रिका येते खरी. पण कागद चांगला जाड, पाठीमागची बाजू कोरी, म्हणून त्यावर आपण वाणसामानाची यादी करतो, असे त्यांनी सांगितले. सारे हसले, त्याही हसल्या. निघताना मात्र त्यांनी इंजिनियरसाहेबांना बाजूला घेऊन, पुढली मतपत्रिका कोणत्या महिन्यात येईल, ते विचारून ठेवले.