चर्चाबाई

विकिपीडियावरच्या प्रत्येक लेखाशेजारी हिचं, म्हणजे चर्चापानाचं, बिऱ्हाड. लेखराव दर्शनी ओटीवर, कपडे करून बसलेले. चर्चाबाई माजघरात. वाचायला येणारे बहुतेक तिच्याकडे फिरकतही नाहीत.

भांडायचं त्यानं आपल्याकडे यावं, लेखात खाडाखोड करू नये, एवढाच तिचा आग्रह. बोलून झालं की चार नागमोडी चिन्हं टंकायची, नाव आणि वेळ आपोआप उमटते. इंग्रजी विकिपीडियावर कुणी सही विसरलाच, तर सांगकाम्या, म्हणजे तिथला यंत्रगडी, मागून येऊन नाव लावून जातो. तावातावानं बोललेलं दुसऱ्या दिवशी पुसलं तरी 'इतिहासा'त ते राहतंच. बाईंची स्मरणशक्ती दांडगी.

आणि काय काय ऐकलंय तिनं! इंग्रजीत दह्याच्या स्पेलिंगमध्ये 'एच' हवा की नको, हा २००३ पासूनचा वाद मिटायला २०११ उजाडलं. 'स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस' या चित्रपटाच्या नावातला एक 'आय' मोठ्या लिपीत की छोट्या, यावर २०१३ च्या सुरुवातीपर्यंत ४०,००० हून अधिक शब्द खर्ची पडले. (मोठा आय जिंकला.)

छडी तिच्या हाती नाही. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलं, तर प्रचालक हात बांधू शकतो. तोही सदस्यांनीच निवडलेला, बिनपगारी. बाई डोकी मोजत नाहीत, पुरावा मागतात. निदान नियम तसा आहे. प्रत्यक्षात नोकरी-संसार असलेला माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळतो आणि मैदान चिवट रिकामटेकड्याच्या हाती जातं. त्यालाही ती सहमतीच म्हणते. हा दोष लहान नव्हे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा. गावगप्पांना तिथं 'चावडी' आहे, पण लेखांशेजारच्या चर्चाबाई बहुतेक मुक्याच. कित्येकींचं दार अजून लाल दुव्यातच, म्हणजे पान कुणी उघडलेलंच नाही. सगळ्यांचं एकमत झालंय म्हणून नव्हे. चूक दिसली की आपण व्हॉट्सॲपवर चिडून मोकळे होतो. तुमच्या गावावरच्या लेखात काही खटकलं, तर 'चर्चा'वर टिचकी मारा, पुराव्यासकट लिहा आणि सही करा.