आपला चर

२०१७ चा वैशाख. आमच्या भटक्या मंडळींनी उन्हाळी सहलीची वर्गणी जमवली होती. पण पोचलो कारंजा तालुक्यातल्या एका माळावर! पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा चालू होती. ८ एप्रिल ते २२ मे, दिवस ४५. उतारावर समपातळीत चर खणले, की पावसाचे धावते पाणी थांबते, मुरते. अर्ध्या तासात माझ्या तळहातांना फोड आले. शेजारी माझाच एक विद्यार्थी, शिष्यवृत्तीवर शिकणारा.

"सर, टिकास मले द्या. तुमी घमेलं धरा."

'श्रमदान' या समासाचा विग्रह मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. अर्थ त्या दिवशी कळला. सहलीची वर्गणी यंत्राच्या डिझेलला दिली. पावसाळ्यात तो धावतच आला: "सर, आपला चर भरला!"