वारा वाटून घेता येतो

चित्रकाराच्या घरी मस्टर नसतं. टेबलाशी सकाळी दहाला बसा नाहीतर दुपारी साडेबाराला, विचारायला कोणी येत नाही. बाहेरच्यांना याचा हेवा वाटतो. "तुमचं बरंय बाई, मनात येईल तेव्हा काम," हे मला लग्नाकार्यांत हमखास ऐकायला मिळतं. पण मनात येईल तेव्हा काम करायची मुभा असली की काम सोडून बाकी सगळं मनात येतं. कपाट आवरावंसं वाटतं. धुतलेले ब्रश पुन्हा धुवावेसे वाटतात. शेजारणीच्या कुंडीतल्या मोगऱ्याची अचानक काळजी वाटू लागते.

मी कथाचित्रं काढते, मुखपृष्ठं करते, मुलांच्या पुस्तकांची चित्रं करते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी चित्रकाराचं वर्ष दिवाळीला बांधलं गेलं. जुलै सरता सरता कथा यायला लागतात, गणपतीच्या आसपास चित्रं हवी असतात. मानधनाला मात्र कुठलाच सण गाठायची घाई नसते. मराठी कथेत खिडकीशी उभी राहून पाऊस बघणारी माणसं किती आहेत, हे वाचकापेक्षा चित्र काढणाऱ्याला जास्त ठाऊक असतं. त्या खिडकीतल्या बाईला दर वर्षी नव्यानं कसं उभं करायचं, हा प्रश्न घेऊन आठवडेच्या आठवडे एका खोलीत काढायचे. अंक आला की फोन येतात, "काय सुंदर चित्र!" छान वाटतं. पण दाद काम संपल्यावर येते. काम चालू असताना, विशेषतः ते अडलेलं असताना, गरज असते ती आपण जागेवर आहोत की नाही हे बघणाऱ्या माणसाची.

माझ्यासाठी हे काम रविवारची सायकल करते.

आमच्या टोळक्यात एक सुलेखनकार आहे, एक नाटकांचं नेपथ्य करणारी आहे, एक ध्वनिमुद्रण करणारा, एक कुंभारकाम करणारी आणि एक अनुवादक. सगळे घरी नाहीतर आपापल्या कोंदट स्टुडिओत काम करणारे. शनिवारी रात्री ग्रुपवर एका ओळीचा निरोप पडतो: "साडेपाच, सारसबाग, बोपदेव." त्याखाली अंगठे उमटतात. अंगठा आला नाही तर अकरा वाजता फोन येतो.

"काय झालं?"

"काही नाही रे. काम होत नाहीये."

"मग घरी थांबून काय करणारेस? ये."

एवढंच. कोणी समजूत घालत नाही, प्रेरणादायी बोलत नाही. सायकलीत हवा भरून ठेव म्हणतात आणि फोन ठेवतात.

पहाटेच्या पुण्यात सायकलवर आम्ही एकटे नसतो. पुणं सायकलींचं शहर होतं, हे सांगणाऱ्या पिढीला तासाच्या भाड्यानं मिळणाऱ्या सायकली आठवतात, डबलसीट पकडणारे पोलीस आठवतात. ते शहर गेलं म्हणतात, पण पहाटे साडेपाचला त्याचा उरलेला भाग रस्त्यावर दिसतो. पेपरवाला दिसतो, दूधवाला दिसतो, रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन दिसतो. आमच्या डोक्यावर हेल्मेटं आणि अंगात चापूनचोपून बसणारे रंगीत टी-शर्ट. कॅरिअरवर पेपरचा गठ्ठा बांधलेला माणूस चपला घालून आम्हाला मागे टाकून जातो. हौसेच्या सायकलस्वारानं आठवड्यातून एकदा हे दृश्य बघावं. किलोमीटरचे आकडे मिरवायची इच्छा त्यानं आपोआप आटोक्यात राहते.

रस्त्यात कलेवर कोणी बोलत नाही. बोलणं होतं ते प्लायवूडच्या भावावर, कागद पुन्हा महाग झाला यावर, 'लोगो जरा मोठा करा' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर. ध्वनिमुद्रण करणारा बिनगिअरची काळी जुनी सायकल चालवतो आणि नेहमी शेवटी असतो. मागून त्याला सगळ्यांच्या सायकली ऐकू येतात. "तुझी चेन कोरडी पडलीय, तेल घाल," तो सुलेखनकाराला सांगतो. मला सांगतो, "मागच्या चाकाला आउट आहे, ब्रेकला घासतंय." मी उतरून चाक फिरवून बघते तर खरंच रिंग एका जागी किंचित डुलत असते. दुकानात तारा आवळून आउट काढावा लागतो. मी डोळ्यांवर जगणारी बाई, आणि डोळ्यांसमोरचं मला दिसलेलं नसतं. त्याला ते वीस फुटांवरून ऐकू येतं.

येवलेवाडी मागे पडली की बोपदेव घाट सुरू होतो, आणि बोलणं आपोआप बंद पडतं. घाट तसा मोठा नाही, पण छातीचा भाता करायला पुरेसा आहे. इथं सोबतीचा उपयोग संपतो. चढावर वेग इतका कमी होतो की हवेचा अडथळा जवळजवळ उरत नाही. उरतं ते गुरुत्वाकर्षण. स्वतःचं वजन आणि सायकलीचं वजन स्वतःच वर न्यायचं. कोणाच्या मागे राहून ते हलकं होत नाही. दुसऱ्याच्या लयीत पायडल मारायला जावं तर दुसऱ्याच वळणावर दम तुटतो. कुंभारकाम करणारी हळू, पण एका चालीत चढते. अनुवादक झटके देत चढतो, थांबतो, पुन्हा झटका देतो. ज्याचा त्याचा घाट.

अडलेल्या चित्राचं तसंच असतं. एका कादंबरीचं मुखपृष्ठ सुचत नव्हतं तेव्हा सुलेखनकार माझ्या टेबलाशेजारी येऊन बसला होता. मनापासून मदत करायची म्हणून तो "हे जरा डावीकडे घेतलं तर?" असं विचारत राहिला, मी डावीकडे घेत राहिले आणि चित्र आणखी मरगळत गेलं. शेवटी तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि चहा करून तिथेच वाचत बसला. ती त्यानं केलेली खरी मदत.

घाटमाथ्यावरचा आमचा नियमही असाच आहे. आधी पोचणाऱ्यानं थांबायचं, हा नियम सगळेच गट पाळतात. पण त्यात एक अन्याय असतो. पुढचे दहा मिनिटं निवांत बसलेले असतात, शेवटचा धापा टाकत पोचतो, आणि त्याला बघून सगळे कपडे झटकत उठतात: "चला, आला!" म्हणजे ज्याला सर्वांत जास्त विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. म्हणून 'चला' म्हणायचा अधिकार आमच्यात शेवटी येणाऱ्याला आहे. तो पाणी पितो, घाम पुसतो, खालचं पुणं बघतो, आणि त्याला वाटेल तेव्हा म्हणतो. कलेच्या जगात पुढे गेलेले लोक मागच्यांसाठी थांबतातही कधी कधी. पण मागच्याचा श्वास जागेवर येईपर्यंत बसून राहणारे फार थोडे.

माथ्यावरून भिवरी, चांबळी, हिवरे अशी गावं घेत रस्ता सासवडला उतरतो. तिथं मिसळ होते आणि मिसळीनंतर एक खेळ. सायकलीकडे पाठ करून बिलाच्या मागे सायकल काढायची. वाचकांनीही करून बघावा. वाटतो तितका सोपा नाही. दोन चाकं, सीट, हँडल इथपर्यंत सगळं ठीक असतं. मग नळ्या कशा जोडायच्या आणि चेन कुठून कुठे न्यायची, इथं भलेभले अडतात. कोणी चेन पुढच्या चाकाला जोडतं, कोणी दोन्ही चाकांच्या मध्ये सरळ आडवी दांडी घालतं. मग ती सायकल वळणार कशी? जानलुका जिमिनी या इटालियन-अमेरिकन डिझायनरनं २००९ पासून लोकांकडून अशा आठवणीतल्या सायकली काढून घेतल्या आणि त्यातल्या काहींची खऱ्या वाटणारी संगणकीय चित्रं केली. ती देखणी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच सायकली बसल्या बसल्या मोडतील. तुलूज-लोत्रेकसारखा चित्रकार सायकलशर्यतींचा शौकीन होता. त्यानं १८९६ साली 'सिम्पसन' चेनसाठी केलेलं पोस्टर प्रसिद्ध आहे, पण त्याआधीचं पोस्टर चेन बिनचूक नसल्यामुळे नापसंत झालं होतं.

आमच्यात बिनचूक सायकल काढते ती नेपथ्यवाली. सुलेखनकाराची रेषा तिच्यापेक्षा कितीतरी सुंदर, पण त्याची सायकल उभी राहणार नाही. ही मात्र आधी मागच्या चाकाचा आस ठरवते, तिथून पायडलकडे नळी आणते, तिथून सीटकडे, सीटकडून परत आसाकडे, आणि मग म्हणते, "त्रिकोण झाला, आता हलत नाही." रंगमंचावर तिच्या भिंतीला नट टेकतो, तिच्या जिन्यावर नटी धावत चढते, वस्तू नुसती दिसून तिचं भागत नाही. तिचं बघून खिडकीतल्या बाईचं वजन कोणत्या पायावर आहे, हे मी आधी ठरवायला लागले. घरात एकटीनं बसून हे मला कधी सुचलं नसतं.

परतीची वाट दिवे घाटाची. सासवडकडून घाटापर्यंतचं पठार उघडं आहे आणि पावसाळ्यात तिथं पश्चिमेचा वारा समोरून येतो. इथं मात्र सोबतीचा हिशेब पूर्ण उलटा होतो. सपाटीवर वेग वाढला की बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. एकापाठोपाठ एक चाकाला चाक लावून चाललं तर मागच्याची साधारण चौथाई ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते. संशोधक बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली १२१ सायकलस्वारांच्या जथ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. जथ्याच्या पोटात असलेल्याला हवेचा विरोध एकट्या सायकलस्वाराच्या जेमतेम ५ ते १० टक्के होतो, असं त्यात दिसलं. आणखी एक गंमत अशी की अगदी मागे कोणी चिकटून असेल तर पुढच्यालाही थोडा फायदा होतो, कारण त्याच्या पाठीमागे हवेची जी ओढ तयार होते ती कमी होते. मागचा केवळ ओझं नसतो.

म्हणून पुढे राहायची पाळी असते. दोनेक मिनिटं वारा अंगावर घ्यायचा, मग बाजूला सरकून रांगेच्या शेवटी जायचं. पुढच्यानं "खड्डा!" म्हटलं की ते ओरडत ओरडत शेवटपर्यंत जातं, शेवटच्यानं "मागून ट्रक!" म्हटलं की ते पुढे येतं. बिनगिअरच्या सायकलवाल्याची पाळी लहान ठेवतात, पण चुकवत नाहीत. चुकवली तर त्यालाच राग येतो.

आमचे आठवड्याचे बाकीचे दिवस याच पद्धतीनं चालतात. नेपथ्यवालीच्या नाटकाचा शुभारंभ दोन दिवसांवर आला आणि रंगवणारा माणूस आजारी पडला, तेव्हा रात्रभर आम्ही सगळे तिच्या विटांच्या भिंती रंगवत होतो. सुलेखनकारानं, ज्याच्या अक्षरासाठी लोक महिनोन्महिने थांबतात, 'भाड्याने खोली मिळणार नाही' अशी मुद्दाम गिचमिड पाटी रंगवली आणि ती कशी वाकडी दिसेल यावर तासभर घालवला. ध्वनिमुद्रणवाल्याची आई दवाखान्यात होती तेव्हा डबे वाटून घेतले गेले. माझ्याकडे वेळ नसतो तेव्हा पुस्तकाचं काम दुसरीकडे जातं आणि माझं टेबल रिकामं असतं तेव्हा कुठून तरी माझ्याकडे येतं. यातलं कशानंही कोणाचं चित्र सुचत नाही. पण चित्र सुचेपर्यंत टिकून राहता येतं.

१९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. सूझा, आरा, रझा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार बाकरे. सहा जणांचं काम शेजारी शेजारी ठेवलं तर ते एका घरचं वाटणार नाही. १९४९ साली त्यांनी एकत्र प्रदर्शन भरवलं, त्याच वर्षी सूझा लंडनला गेले, पुढच्या वर्षी रझा फ्रान्सला, आणि १९५६ पर्यंत गट विसर्जित झाला. दहा वर्षंही टिकला नाही, म्हणून कोणी त्याला फसलेला म्हणत नाही. प्रत्येकानं आपला घाट आपल्या चालीनं चढला. मधल्या काही वर्षांत समोरचा वारा मात्र सगळ्यांनी मिळून अंगावर घेतला. कलावंतांच्या मैत्रीकडून याहून जास्त मागू नये असं मला वाटतं. एकमेकांसारखी चित्रं काढावीत, एकमेकांची कायम तारीफ करावी, असल्या अपेक्षांनी गट आतून किडतात.

तुमच्या ओळखीत घरी बसून लिहिणारं, चित्रं काढणारं, चाली बांधणारं कोणी असेल तर त्यांच्या कामाला दाद जरूर द्या. काम कसं चाललंय हे मात्र दर वेळी विचारू नका. त्याचं उत्तर त्यांच्याकडेही नसतं. त्यापेक्षा शनिवारी रात्री फोन करा आणि सांगा, उद्या साडेपाचला ये. सायकल नसली तर चालायला न्या. आणि चढ लागला की थोडे पुढे जाऊन थांबा. 'चला' त्यांना म्हणू द्या.