बेचाळीस मिनिटं

आईच्या व्हॉइस नोट्स मी टू-एक्सवर ऐकायचो. चार मिनिटांची नोट दोन मिनिटांत खल्लास. 'जेवलास का'पासून 'ठेवते'पर्यंत सगळं कळतं, असा माझा समज होता.

गाण्यांचंही तेच. तिसाव्या सेकंदापर्यंत पकड घेतली नाही तर पुढचं. अशा माणसाने बीटी ऊर्फ ब्रायन ट्रान्सो या अमेरिकन संगीतकाराचा १९९५चा 'इमा' हा अल्बम ऐकला, तो ऑफिसच्या कृपेने. रात्रीचा दीड वाजलेला. डिप्लॉयमेंट चालू, मी लॉगवर डोळे लावून बसलेलो. हेडफोनमध्ये 'साशाज व्हॉयेज ऑफ इमा' सुरू झालं. अल्बममधलेच ट्रॅक जोडून वेल्सच्या साशा या डीजेने केलेला सलग प्रवास, लांबी ४२ मिनिटं. फोन चार्जिंगला लांब होता, म्हणून स्किप झालं नाही. एवढंच.

ट्रान्स म्हटलं की आपल्याला हणजूणचा किनारा आणि भडक रंग आठवतात. प्रोग्रेसिव्ह ट्रान्सची तब्येत वेगळी. त्याला घाई नसते. ठोका एकसारखा चालू राहतो. त्यावर एखादी हाय-हॅट येते. मागे दबलेला सूर, फिल्टर उघडत जाईल तसा, हळूहळू पुढे येतो. हे बदल साधारण आठ, सोळा, बत्तीस बारांच्या हिशेबाने होतात. गणित करून बघा : मिनिटाला १२८ ठोके, एका बारात चार, म्हणजे ३२ बारांना बरोबर एक मिनिट. मिनिटभर थांबायचं, तेव्हा कुठे पुढचं दार उघडणार.

मग मध्येच ठोका काढून घेतात. नुसता सूर तरंगत राहतो. ठोका परततो तेव्हा तो आधीचाच असतो, पण मधल्या काळात आपण त्याची वाट पाहिलेली असते. अंगावर काटा येतो तो त्या वाट पाहण्यामुळे. थेट तिथे उडी मारून ऐकलं, तर काहीच होत नाही. मी नंतर करून पाहिलंय.

'इमा' हा जपानी शब्द आहे. अर्थ : आत्ता.

त्या शनिवारी फोनमधली जागा रिकामी करताना आईची तीन आठवड्यांपूर्वीची नोट सापडली. या वेळी वन-एक्सवर ठेवली. महागलेली कोथिंबीर, शेजारचं लग्न, गेलेले लाइट. तिसऱ्या मिनिटाला ती म्हणाली, "बाबा हल्ली संध्याकाळी फिरायला जात नाहीत." आणि थांबली. मागे कुकरची शिट्टी झाली. मग, "बरं, ते असू दे."

वाक्य मी आधीही ऐकलं होतं. थांबणं ऐकलं नव्हतं. उत्तर म्हणून अंगठा पाठवला होता.

लगेच फोन लावला. बाबांचे डोळे समोरच्या गाड्यांच्या उजेडाने दिपत होते, रस्ता ओलांडायची भीती वाटत होती. "त्याला उगाच सांगू नकोस," असं त्यांनी आईला बजावलं होतं. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, आता पुन्हा फिरायला जातात.

बोट अजूनही सवयीने टू-एक्सकडे जातं. परवाची नोट सहा मिनिटांची होती. पाचव्या मिनिटापर्यंत फक्त फणसाची भाजी. मी ऐकत राहिलो. सहाव्या मिनिटालाही फणसच होता.